इंजिनाची सायकल घरीं बांधतांना

वसईहून निर्मळवरून आगाशीकडे जाणारा रस्ता बहुतेक सपाट आहे. दुतर्फा वाड्या, खाऱ्या वाऱ्याची झुळूक, चढ असा नाहींच. अशा मुलखांत सायकल चालविणाऱ्यास एके दिवशीं हिला लहानसें इंजिन लावावें असें वाटलें, तर नवल नाहीं. माझ्या भाच्यालाहि तसेंच वाटलें. आजोबांची २८ इंची काळी सायकल माळ्यावरून खालीं आली आणि भाच्यानें एक जुनें चित्र माझ्यापुढें ठेवलें. खालीं वांकलेलें हँडल, लांबट टांकी, बारीक चाकें. अमेरिकेंतील शंभर वर्षांमागची शर्यतीची गाडी होती ती. "मामा, अगदीं अशीच बांधायची!" तो म्हणाला. मीं एवढेंच विचारलें, "ह्यांत ब्रेक कोठें आहे तो दाखव." त्यानें पुष्कळ शोधला, सांपडला नाहीं. आजचें माझें भाषण त्या न सांपडलेल्या ब्रेकाविषयीं आहे, असें म्हटलें तरी चालेल.

भाच्याची कल्पना विक्षिप्त मुळींच नाहीं. मोटरसायकल जन्मली तीच मुळीं सायकलीच्या पोटीं. १९०१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें हेंडी व हेडस्ट्रॉम ह्या दोघांनीं 'इंडियन' नांवाची गाडी तयार केली, ती सायकलीच्या फ्रेममध्येंच इंजिन बसवून. त्याच सुमारास पॅरिसच्या वर्नर बंधूंनीं इंजिन पायडलांच्या जागीं, फ्रेमच्या तळाशीं आणलें. भार खालीं आल्यानें गाडी स्थिर झाली, आणि ती जागा आजतागायत कायम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, पेट्रोल व पैसा दोन्ही दुर्मिळ झालेल्या युरोपांत हीच कल्पना पुन्हां वर आली. इटलींत 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचें पिल्लूं, ह्या नांवाचें ४८ घनसेंटिमीटरांचें इंजिन साध्या सायकलीस जोडतां येई. फ्रान्समधील सोलेक्स गाडींत इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि एका रुळाच्या घर्षणानें टायर फिरवी. आपल्याकडे १९७२ सालीं कायनेटिक कंपनीनें काढलेली पायडलांची 'लूना' ही ह्याच कुळांतली.

मग भाच्याच्या चित्रांतील गाडीस ब्रेक कां नव्हता? कारण ती रस्त्याची गाडीच नव्हे. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत लाकडी फळ्यांचीं, बशीसारखीं उतरतीं वर्तुळाकार मैदानें बांधून त्यांवर शर्यती होत. तेथें समोरून कोणी येत नसे, आडवा रस्ता नसे, म्हणून स्वार ब्रेक ठेवीतच नसत. त्याचें मोल काय द्यावें लागलें तेंहि पाहा. सप्टेंबर १९१२ मध्यें न्यूअर्क येथील अशाच मैदानावर एक गाडी भडकून कठड्यावर आदळली; स्वार तर गेलाच, पण नुसते पाहावयास आलेले लोकहि प्राणांस मुकले. आपण त्या गाडीचें रूप घेण्यास हरकत नाहीं. तिची उणीव मात्र घ्यावयाची नाहीं.

वेग दुप्पट झाला म्हणजे धोका दुप्पट होतो, अशी आपली सामान्य समजूत असते. ती चुकीची आहे. चालत्या वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला कीं ती चौपट होते. ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाणारी सायकल ब्रेक लावल्यावर ३ मीटरांत थांबत असेल, तर तीच सायकल त्याच ब्रेकानें ३० च्या वेगांत १२ मीटर घेईल. शिवाय ब्रेक लावावा हें मनांत येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यांत ३० च्या वेगानें आपण ८ मीटर पुढें गेलेले असतों. नालासोपारा स्टेशनाबाहेरच्या गर्दींत २० मीटर मोकळी जागा कोणास मिळते?

आपल्या जुन्या सायकलीचा ब्रेक सळईचा असतो. हँडलाखालची मूठ दाबली कीं सळई ओढली जाते आणि रबरी गुटके पोलादी रिमला आंतून चिकटतात. कोरड्या दिवसांत पायाच्या वेगास तो पुरतो. पण पोलादी रिम भिजली कीं गुटका नुसता घसरूं लागतो. आणि वसईचा पाऊस चार महिने चालतो. म्हणून पहिला खर्च इंजिनाचा नव्हे, ब्रेकाचा. पुढच्या चाकास हबमधील ड्रम ब्रेक किंवा डिस्क ब्रेक बसवावा. मात्र ब्रेकाचा सारा ताण पुढच्या चिमट्यावर येतो. जुना बारीक चिमटा तो सोसणार नाहीं. डिस्कसाठीं मुद्दाम केलेला जाड चिमटाच घ्यावा.

दुसरा विचार चाकांचा व फ्रेमचा. स्वस्त इंजिनांबरोबर मिळणारें दांतेरी चक्र रबरी चकत्यांमध्यें धरून थेट मागच्या चाकाच्या तारांवर आवळतात. चाक उभें राहावें म्हणून ताणलेल्या तारांवर मग ओढीचा भारहि पडतो. त्या एकेक करून तुटतात. चक्र हबवर बसणारें असावें व तारा जाड घ्याव्या. फ्रेमचे सांधे रंग खरवडून तपासावे. खाऱ्या हवेनें नळीच्या आंत चढलेला गंज वरच्या रंगाखालीं दिसत नाहीं. बारीक भेग दिसली तर डाग देऊन झांकूं नये, फ्रेमच बदलावी.

तिसरा प्रश्न, पेट्रोल कीं वीज? येथें कायद्याचें म्हणणें नीट समजून घेतलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चारांहून कमी चाकांचें व २५ घनसेंटिमीटरांपर्यंतच्या इंजिनाचें वाहन 'मोटार वाहन' ह्या व्याख्येंतून वगळलें आहे. सायकलीसाठीं विकलीं जाणारीं टू-स्ट्रोक इंजिनें बहुधा ४८ किंवा त्याहून अधिक घनसेंटिमीटरांचीं असतात. तीं लावतांच आपली सायकल कायद्याच्या दृष्टीनें मोटरसायकल होते. नोंदणी, परवाना, विमा, सारें आलें. विजेच्या वाहनास शक्ति २५० वॅटहून कमी आणि वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी अशी मर्यादा आहे, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेनें तो नमुना मंजूर केलेला असावा लागतो. म्हणून मोटार व बॅटरी मंजुरी असलेलीच घ्यावी. ३६ व्होल्टांची, १० अँपिअर-तासांची बॅटरी सपाट रस्त्यावर सुमारें ३० किलोमीटर नेते, आणि जुन्या घाटाच्या टांकीच्या आकाराच्या पेटींत ती सहज मावते. तिचे सेल घरीं डाग देऊन जोडूं नयेत. बंद, संरक्षक यंत्रणा असलेलीच घ्यावी. मोटार हबमध्यें असेल तर तिचा आंस फिरूं नये म्हणून फ्रेमला पोलादी आधारपट्टी जोडावी. नाहींतर आंस खोबणींतून निसटून चाकच सुटूं शकतें. ब्रेकाची मूठ दाबतांच वीज तुटेल असें बटणहि लावावें.

कोणी म्हणेल, एवढे नियम कशाला? सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे येथील एका कारागिरानें भंगारांतून चारचाकी गाडी बनविली. २०२१ च्या अखेरीस तिची कीर्ति सर्वत्र पसरली. आनंद महिंद्र ह्यांनीं तिचें कौतुक केलें, पण नियमांत बसत नसल्यानें ती रस्त्यावर चालूं दिली जाणार नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें, आणि बदल्यांत बोलेरो देऊं केली. कौतुक खरें होतें आणि नियमहि खरा होता. बुद्धि बांधणाऱ्याची असली, तरी रस्ता सर्वांचा असतो.

तेव्हां क्रम असा ठेवावा: आधीं ब्रेक, मग चाकें, मग फ्रेम, त्यानंतर मोटार, आणि सर्वांत शेवटीं शोभा. आपली हौस नेमकी उलट्या टोंकानें सुरू होते, टांकीच्या रंगापासून. आणि पैसे ब्रेकापर्यंत येतां येतां संपतात.

भाच्याची गाडी अजून पुरी झालेली नाहीं. मोटार खोक्यांतच आहे. पण नवा चिमटा व डिस्क ब्रेक बसला आहे, आणि रोज पहांटे तो पायानेंच सायकल हाणून, रस्त्यावर खडूची रेघ ओढून, आपण किती अंतरांत थांबतों तें मोजून वहींत लिहितो. परवां त्यानें ती वही मला दाखविली. चित्राविषयीं तो त्या दिवशीं कांहींच बोलला नाहीं.