प्रौढांची छोटी आगगाडी

खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात हुबेहूब लहान प्रतिकृती तयार करून ती विजेवर चालवण्याचा छंद प्रौढ माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ जोपासत आली आहेत. तरीही चाळिशी ओलांडलेल्या, संसारी आणि नोकरदार माणसाने हा छंद धरला की ‘पोरकटपणा’, ‘रिकामपणाचे उद्योग’, ‘पैशांची उधळपट्टी’ असे शेरे त्याला घरूनच नव्हे तर शेजारपाजाऱ्यांकडूनही ऐकावे लागतात. या शेऱ्यांमागे द्वेष क्वचितच असतो. बहुतेकदा ती थट्टाच असते, पण तीच थट्टा वर्षानुवर्षे होत राहिली की माणूस आपली आवड लपवू लागतो आणि मग प्रश्न थट्टेपुरता उरत नाही.

समाजाने एखाद्यावर मारलेल्या अशा शिक्क्याचा शास्त्रीय विचार अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला. काही कलंक पाहताक्षणी दिसणारे असतात आणि काही लपवता येण्याजोगे असतात, असा भेद त्याने केला. पहिल्या प्रकारात माणसाला लोकांच्या नजरेला तोंड द्यावे लागते, तर दुसऱ्या प्रकारात कोणाला काय सांगायचे, किती सांगायचे आणि कोणापासून काय झाकायचे याचा हिशेब सतत मनात ठेवावा लागतो. रेल्वे प्रतिकृतीचा छंद उघडच दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचे वजन मात्र प्रमाणात धरले पाहिजे. बीड जिल्ह्यातील पाली हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळणाऱ्या ‘इन्फंट इंडिया’ संस्थेच्या आनंदग्राममुळे. ज्या मुलांना आजारामुळे नातलगही दूर लोटतात त्यांच्या वाट्याला येणारा कलंक आणि छंदिष्टाला ऐकावी लागणारी थट्टा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही दोहोंमध्ये दिसणारी लपवाछपवीची रीत एकाच घडणीची आहे, आणि ती समजून घेण्यासाठी गॉफमनचा भेद उपयोगी पडतो.

आगगाडीची ओढ ही बालवयाची गोष्ट आहे या समजुतीला बीड जिल्ह्याचाच इतिहास छेद देतो. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे असली तरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बीड शहर रेल्वेच्या नकाशावर नव्हते. सुमारे 261 किलोमीटर लांबीच्या नगर–बीड–परळी मार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली, 23 सप्टेंबर 2022 रोजी नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली आणि बीड शहरात प्रवासी गाडी पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. या तीस वर्षांत निवेदने देणारे, आंदोलने करणारे आणि प्रत्येक निवडणुकीत रेल्वेचे आश्वासन ऐकणारे लोक प्रौढच होते, आणि त्यांच्या या ध्यासाला कोणी पोरकट म्हटले नाही, कारण तो रोजगाराशी, बाजारपेठेशी आणि जिल्ह्याच्या मानाशी जोडलेला होता. लोकांना खटकते ती आगगाडीची ओढ नसून, जिच्यातून काही मिळवायचे नाही अशी ओढ होय.

छोटी आगगाडी म्हणजे खेळणेच, या समजुतीवर सरकारी मोहोरही उमटलेली आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत 9503 या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि कोडी यांच्याच ओळीत प्रमाणबद्ध लहान प्रतिकृतींचा, मग त्या चालत्या असोत वा स्थिर, उल्लेख येतो. त्यामुळे देशी खेळणी उद्योगाच्या संरक्षणासाठी 2020 साली खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 साली 70 टक्क्यांवर नेण्यात आले, तेव्हा जर्मनीहून वा जपानहून इंजिन मागवणाऱ्या प्रौढ संग्राहकालाही त्याची झळ बसली. पन्नाशीच्या गृहस्थाने मागवलेले इंजिन कागदोपत्री खेळणेच ठरते.

इतिहास मात्र या वर्गवारीशी पूर्णपणे जुळत नाही. मेर्कलिन या जर्मन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या तेव्हा त्या खेळणी म्हणूनच विकल्या गेल्या हे खरे. पण लंडनमध्ये प्रौढ छंदिष्टांचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ 1910 साली स्थापन झाला, आणि ज्या हॉर्नबी गाड्यांनी इंग्लंडमधील मुलांची एक अख्खी पिढी वेडावली त्या बाजारात आल्या 1920 साली, म्हणजे क्लबनंतर दहा वर्षांनी. खेळणे आणि प्रतिकृती या दोन परंपरा सुरुवातीपासून शेजारी शेजारी वाढल्या. पाहणाऱ्याला त्या एकच वाटल्या एवढेच.

दोहोंतील फरक कोठे आहे हे रुळांच्या रुंदीवरून नेमके कळते. जगात सर्वाधिक रूढ असलेल्या ‘एचओ’ या मापात खऱ्या वस्तूचा 87 वा भाग घेतला जातो आणि रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर ठेवले जाते, कारण युरोप-अमेरिकेतील 1,435 मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गाला 87 ने भागले की तेवढेच उत्तर येते. भारतातील ब्रॉडगेज मात्र 1,676 मिलिमीटरची आहे. तिला 87 ने भागले तर 19.3 मिलिमीटरच्या जवळ जाणारा आकडा हाती येतो, आणि त्या रुंदीचे तयार रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत. परिणामी भारतीय इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याला एकतर रूळ, चाके आणि आस स्वतःच्या हाताने बेतावे लागतात, नाहीतर इंजिनाचा भारदस्त देह जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद रुळांवर उभा करून ती विसंगती मुकाट्याने गिळावी लागते. बीडच्या नव्या मार्गावरील गाडीचीही हीच अडचण आहे. याउलट शेजारच्या बार्शीची ‘बार्शी लाइट’ ही जुनी छोटी रेल्वे प्रतिकृतीकारावर प्रसन्न आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही रेल्वे 1897 साली बार्शीला पोहोचली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. तिचे रूळ 762 मिलिमीटर अंतरावर होते, म्हणजे 87 पट लहान केल्यावर पावणेनऊ मिलिमीटर. ‘एन’ या धाकट्या मापाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे असल्याने ते इथे जवळजवळ बिनचूक बसतात. सनबोर्डच्या पट्ट्या कापून, पुठ्ठ्याला रिव्हेटचे ठिपके उमटवून आणि जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरून मापे काढत बार्शी लाइटचा डबा उभा करणारा माणूस खेळत नसतो. तो इतिहास, भूमिती आणि हस्तकौशल्य यांचे एकाच वेळी काम करीत असतो. त्यात त्याला खेळाचाही आनंद मिळतो, आणि तो नाकारण्याचे काही कारण नाही.

महाराष्ट्राला प्रौढांनी केलेल्या लहान प्रतिकृतींचे वावडे आहे असे म्हणावे तर दिवाळीत अंगणात उभे राहणारे किल्ले आडवे येतात. त्यांच्या बुरुजांवर मुलांइतकाच वडिलांचा आणि मामांचा हात फिरलेला असतो. पुण्यातील गणेशोत्सवाचे हलते देखावे तर मोटारी, पट्टे आणि दिव्यांच्या जुळणीवर महिना महिना राबणाऱ्या मोठ्या माणसांचेच काम असते. मराठवाड्यात ज्यांना महालक्ष्म्या म्हणतात त्या गौरींसमोर घरोघरी जी आरास मांडली जाते तिच्यात शेत, विहीर, बाजार आणि कधीकधी रुळांवर फिरणारी आगगाडीही असते, ती मांडणाऱ्या सुना आणि सासवा असतात, आणि आलेगेले पाहुणे तिचे तोंड भरून कौतुक करतात. तीच आगगाडी विसर्जनानंतर पेटीत न जाता खोलीतच राहिली आणि रोज संध्याकाळी चालू लागली की कौतुकाची जागा प्रश्न घेतो. देवाच्या, सणाच्या किंवा मुलांच्या नावाने केलेला खेळ मराठी समाजाला मान्य आहे. स्वतःच्या नावाने केलेला खेळ अजून तितकासा मान्य नाही. घरातील स्त्रीने असा छंद स्वतःच्या नावावर घ्यायचे म्हटले तर तिच्या वाट्याला थट्टेच्या जोडीला कर्तव्यच्युतीचा आरोपही येण्याचा संभव आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील कोथरूडचे उदाहरण लक्षणीय आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे नाव दिलेल्या पथावर बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 सालापासून लोकांसाठी खुले आहे. स्वतःचा व्यवसाय सांभाळून आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून त्यांनी एचओ मापाचे एक अख्खे शहर उभे केले. ठरावीक वेळाचा खेळ सुरू झाला की सिग्नल बदलतात, गाड्या एकमेकींना वाट देतात आणि शहरात रात्रीचे दिवे लागतात. जोशी कुटुंबाने पुढे सांभाळलेले हे संग्रहालय आज पुण्यात आलेल्या पाहुण्यांना आवर्जून दाखवले जाते. छंद लपवण्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा हा मार्ग आहे: दार उघडायचे, तिकीट लावायचे आणि जे खासगी वेड मानले गेले असते त्याचे सार्वजनिक ठिकाण करायचे. मात्र त्यालाही एक किंमत आहे, कारण असे ठिकाण लगेच ‘शैक्षणिक’ आणि ‘मुलांसाठी उत्तम’ ठरते, आणि प्रौढाचा छंद पुन्हा मुलांच्याच ओळखपत्रावर आत सोडला जातो. शिवाय संग्रहालय उभारणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही.

सामान्य छंदिष्ट वापरतो ते उपाय साधे असतात आणि त्यांची योग्यता सारखी नसते. पहिला उपाय सबबीचा: गाडी ‘मुलासाठी आणली’ असे सांगणे. ही सबब मूल मोठे होऊन शिक्षणासाठी बाहेरगावी गेले की संपते, आणि तोवर माणसाला आपल्याच घरात खोटे बोलायची सवय जडलेली असते. म्हणून हा उपाय सर्वांत निकृष्ट मानावा लागेल. दुसरा उपाय सोबतीचा. 1989 साली सुरू झालेल्या ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’सारख्या मंडळामुळे विखुरलेल्या रेल्वेप्रेमींना एकमेकांचा पत्ता लागला, आणि आपल्यासारखे इतरही आहेत एवढे कळल्यानेच लाजेचा निम्मा भार उतरतो. तिसरा उपाय छंदाचे नाव बदलून त्याचा दर्जा ओळखण्याचा आहे. रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने 1982 साली ‘गंभीर फुरसत’ अशी संकल्पना मांडली. ज्या फावल्या वेळच्या उद्योगात चिकाटी, शिकावी लागणारी कौशल्ये आणि वर्षांगणिक होणारी प्रगती असते त्याला त्याने नुसत्या करमणुकीपासून वेगळे काढले. रेल्वे प्रतिकृती या व्याख्येत चपखल बसते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत 1946 साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या रेल्वे मॉडेल क्लबमध्ये रुळांखालील विजेच्या जोडण्यांशी झटापट करणाऱ्यांपैकी काही जण पुढे संगणकांकडे वळले, आणि ‘हॅकर’ या शब्दाचा संगणकातील अर्थ तेथूनच रुजला. अर्थात दर वेळी असा उपयोग सिद्ध करून छंदाला परवाना मिळवावा लागणे हीच मुळात त्या शिक्क्याची खूण आहे.

चौथा उपाय सरळ कबुलीचा. प्रसिद्ध ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट याने दोन दशकांहून अधिक काळ खपून उभारलेल्या अमेरिकन शहराच्या रेल्वे प्रतिकृतीची छायाचित्रे 2019 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते काम त्याने स्वतः केले नसावे असा सूर बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात निघाला. त्यावर त्याने स्वतः कार्यक्रमात फोन करून बहुतांश काम आपल्याच हातचे असल्याचे सांगितले. लोकप्रियतेचे कवच असलेल्याला कबुली सोपी जाते हे मान्य केले तरी त्याने आवडीबद्दल क्षमा न मागता श्रेयाचा हक्क सांगितला, हा भाग कोणालाही घेण्यासारखा आहे.

घरच्यांच्या प्रत्येक तक्रारीला शिक्का म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. दोन खोल्यांच्या घरात एका पलंगाएवढी जागा अडवणारा, महिन्याच्या खर्चातून आयात इंजिने घेणारा आणि सुट्टीचा दिवस एकट्याने घालवणारा छंदिष्ट टोमण्याला नव्हे तर न्याय्य हरकतीला सामोरा जात असतो, आणि तिचे उत्तर समाजशास्त्रात नसून सुतारकामात असते. ब्रिटिश छंदिष्ट अ‍ॅलन राइट याने प्रचलित केलेला ‘इंग्लनूक’ हा आराखडा त्यासाठी उपयोगी आहे. भिंतीवर बिजागरीने बसवलेल्या चारपाच फुटी फळीवर तीन आखूड रूळमार्ग, दोन सांधे, एक इंजिन आणि आठ मालडबे एवढाच त्याचा पसारा असतो. एका मार्गावर पाच आणि उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन डबे मावतात, आणि आठांपैकी चिठ्ठ्यांनी निघालेल्या पाच डब्यांची गाडी चिठ्ठ्यांच्याच क्रमाने जुळवायची असते. असे क्रम 6,720 होऊ शकतात. खेळ आटोपला की फळी भिंतीला मिटते, खर्च एका इंजिनावर थांबतो, आणि चिठ्ठ्या काढण्याचे काम घरातल्या कोणालाही करता येते.