स्लॅब टाकला, आता वरचं बांधकाम कधी सुरू करायचं?

स्लॅब टाकून आठवडाही होत नाही, तोच ठेकेदार वर विटा चढवायला निघतो. विचारलं तर म्हणतो, ‘पक्का वाळलाय की!’

पण काँक्रीट वाळून घट्ट होतच नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया कित्येक आठवडे चालते, तिच्यातून ताकद येते. पाणी लवकर आटलं की ही क्रिया अर्धवट राहते. म्हणजे लवकर वाळलेला स्लॅब उलट कच्चा!

मग पाणी किती दिवस मारायचं? आयएस ४५६ (२०००) हे भारतीय मानक सांगतं: ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसीला किमान १०. कोरड्या, उष्ण हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. आपलं सिमेंट कुठलं, ते पोत्यावर छापलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये १४ दिवसांच्या खाली येऊच नका. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवून ठेवणं उत्तम. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवायचा आणि दुपारभर स्लॅब तापू द्यायचा, याला क्युरिंग म्हणत नाहीत.

आता वजनाचं. ओपीसीच्या काँक्रीटमध्ये सातव्या दिवशी २८ दिवसांच्या ताकदीपैकी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. पीपीसी आणखी सावकाश चालतं. मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून लांब असेल तर १४. बीमला १४ ते २१. हे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला जास्त थांबावं लागतं. घाई बहुतेकदा सेंट्रिंगच्या भाड्यामुळे होते, काँक्रीटला त्याचं काय?

खाली टेकू असताना दोन आठवड्यांनी वर भिंती सुरू करायला सहसा हरकत नसते. बाहेर झुकलेल्या गॅलरीवर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही चढवू नका.

विटांची थप्पी स्लॅबच्या मध्यावर नकोच. घराचा स्लॅब वापराच्या वजनासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात. मीटरभर उंच थप्पी तेवढ्याच जागेत दीड टनाच्या आसपास भरते.

वरच्या मजल्याचा स्लॅब टाकताना त्याचे टेकू खालच्याच स्लॅबवर उभे राहतात. पाच इंची ओलं काँक्रीट चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. त्यामुळे खालचे टेकू तोवर तसेच राहू द्या. काढले असतील तर आधी परत लावून घ्या.