अभ्यास झाला, स्क्रीनची तालीम झाली का?

लातूर आणि नांदेड ही आता अभ्यासाची शहरे झाली आहेत. उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूरकडची मुले-मुली अकरावी-बारावीसाठी इथे खोली घेऊन राहतात. कितीतरी घरांत अब्बांची रिक्षा आणि अम्मीची शिलाई मशीन क्लासच्या फीसाठी जास्तीचे तास चालते. मुले भौतिकशास्त्र शिकतात, रसायनशास्त्र शिकतात, गणित पाठ करून टाकतात. पण ज्या संगणकासमोर बसून पेपर द्यायचा, त्याची ओळख बहुतेकांना परीक्षेच्या दिवशीच होते.

राज्याची एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून जेईई मेन राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेऊ लागली आणि इंजिनिअरिंगचा तो पेपरही पूर्णपणे संगणकावर गेला. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेचे दार उघडायचे, तरी वाट या स्क्रीनवरूनच जाते.

माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात, त्या जागेला अभियंते इंटरफेस म्हणतात. परीक्षेत ही जागा म्हणजे स्क्रीनवरची बटणे, रंगीत चौकोन आणि उलटे धावणारे घड्याळ. इथे काय घडते ते नीट समजून घ्या. विद्यार्थिनीने योग्य पर्यायावर क्लिक केले. पर्याय निवडलेला दिसला. तिला वाटले, उत्तर दिले गेले. मग तिने बाजूच्या तक्त्यातील पुढच्या प्रश्नाच्या क्रमांकावर थेट क्लिक केले. एनटीएच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले असते की असे केल्यास आधीचे उत्तर जतन होत नाही. त्यासाठी 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबावे लागते. उत्तर तिला येत होते, पण यंत्रापर्यंत ते पोहोचलेच नाही.

अशी गफलत फक्त मुलांची होते असे समजू नका. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातील दिव्यावरून कर्मचाऱ्यांना वाटले की ती बंद झाली. खरे तर तो दिवा एवढेच सांगत होता की बंद होण्याचा आदेश झडपेकडे गेला आहे. झडप खरोखर बंद झाली का, हे तो सांगतच नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी बाहेर जात राहिले आणि भट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला. ही माणसे प्रशिक्षित होती. 'आदेश दिला' आणि 'काम झाले' यांतील फरक यंत्राने त्यांना दाखवला नाही. त्यानंतर अशा केंद्रांतील नियंत्रण कक्षांची मांडणी नव्याने तपासली गेली आणि कर्मचाऱ्यांना नकली नियंत्रण कक्षात सराव देण्यावर मोठा भर आला.

खऱ्या प्रसंगाची अशी हुबेहूब नक्कल करून सराव करणे म्हणजेच सिम्युलेशन. आपल्याला हे नवे नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, आणि मराठीत तालीम म्हणजे सराव, कुस्तीचा आखाडा. शब्द एकच आहे. 'लातूर पॅटर्न'ने नाव कमावले तेही या दुसऱ्या तालमीवर: खऱ्या परीक्षेसारखा पेपर, तेवढाच वेळ, तशीच उत्तरपत्रिका, आणि पुन्हा पुन्हा.

मात्र नक्कल खऱ्याच्या जितकी जवळ, तितकी ती कामाची. आपल्या मुलांचा बहुतेक सराव मोबाइलवर होतो. तिथे बोट चालते, परीक्षेत माउस चालतो. जेईईत आकडा टाइप करायचा असेल तर स्क्रीनवर दिसणाऱ्या कळाही माउसनेच दाबाव्या लागतात. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. बटण शोधण्यात दर प्रश्नाला पाच सेकंद गेली, तरी आठ मिनिटांहून जास्त वेळ वाया जातो. एवढ्या वेळात आणखी आठ-नऊ प्रश्न सुटले असते.

रंगांचा अर्थही आधीच माहीत हवा. एनटीएच्या तक्त्यात हिरवा म्हणजे उत्तर दिलेले. लाल म्हणजे प्रश्न पाहिला, पण उत्तर दिले नाही. जांभळा म्हणजे नंतर पाहू म्हणून ठेवलेला, त्याला गुण नाहीत. जांभळ्यावर हिरवी खूण असेल तर उत्तर जतन झाले आहे आणि ते तपासले जाते. इतर परीक्षांत थोडा फरक असू शकतो, म्हणून त्या त्या परीक्षेचे सूचनापान वाचायला लावा.

भाषेचाही विचार अर्ज भरतानाच करा. सीईटीत विज्ञानाचे पेपर इंग्रजीसोबत मराठी व उर्दूतही मिळत आले आहेत, गणित मात्र इंग्रजीत. बारावीपर्यंत इंग्रजी संज्ञा शिकलेल्या मुलीला उर्दूतील संज्ञा अनोळखी वाटू शकतात, आणि कुणाला त्याच सोप्या वाटतील. दोन्ही भाषांतले प्रश्न समोर ठेवून तिलाच निवडू द्या.

यासाठी पैसे लागत नाहीत. एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मोफत असतात. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये तास मागा. मुलीला सायबर कॅफेत एकटी पाठवायला मन घेत नसेल, तर मोहल्ल्यातील चार-पाच घरांनी मिळून एक जुना लॅपटॉप आणि एक माउस आणावा. रविवारी सकाळी एखादी खाला किंवा आपा सोबत बसेल. पूर्ण वेळ लावा, मध्ये चहा नाही, मोबाइल नाही. संपल्यावर गुण विचारण्याआधी हे विचारा: किती उत्तरे येत होती आणि त्यातली किती हिरवी झाली? या दोन आकड्यांत फरक असेल, तर पुढचा रविवार पुस्तकाऐवजी माउसला द्या.

शाळा-कॉलेजांकडेही आपण एक गोष्ट ठामपणे मागायला हवी: बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी निदान तीन वेळा संगणकावर पूर्ण पेपर. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला हा सराव आपोआप मिळतो. ज्याच्या घरी नाही, त्याला कुणीतरी तो द्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर परीक्षा मुलाच्या हुशारीऐवजी त्याच्या घरातील सामान मोजते.