पिंजऱ्यातला पोपट की अंगणातली चिमणी? काय पाळता येतं, काय नाही आणि घराभोवतीच्या पक्ष्यांसाठी काय करायचं

उन्हाळा तोंडावर आला की आठवडी बाजारात, रस्त्याच्या कडेला टोपलीत पोपटाची पिल्लं विकायला येतात. अंगावर धड पिसं नसतात, चोच मात्र लालसर दिसते. लेकरं हट्ट करतात, आपणही म्हणतो, 'घेऊन टाकू, मिठू मिठू बोलेल.' हल्ली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि पिल्लू घरपोच मिळतं. पण बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीतच नसते. आपला हिरवा देशी पोपट विकणं, विकत घेणं आणि घरात पाळणं हा गुन्हा आहे. घराण्यात तीन पिढ्या पोपट असला तरी कायदा तोच लागू होतो.

म्हणूनच कोणता पक्षी पाळता येतो, कोणता नाही, पाळलेला असेल तर त्याची निगा कशी ठेवायची आणि अंगणात, मळ्यात येणाऱ्या रानपाखरांशी कसं वागायचं, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. १९९०-९१ च्या सुमारास सगळ्याच देशी रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या दुरुस्तीनंतर आपला नेहमीचा कंठवाला पोपट अनुसूची २ मध्ये आहे. अशा गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हा नियम फक्त पोपटाचा नाही. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, मुनिया, साळुंकी, बुलबुल, तितर, घुबड हे सगळे रानातले पक्षी आहेत. ते पकडायचे नाहीत, पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत, त्यांची अंडी-पिल्लं काढायची नाहीत. 'मी पकडला नाही, विकत घेतला' हे कारण चालत नाही. घेणाराही तितकाच अडकतो.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लामागची गोष्ट बघा. पोपट जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पिल्लं साधारण दीड महिना ढोलीतच असतात, आई-बाप त्यांना भरवतात. पिल्लं काढणारा माणूस ढोली फोडतो, काही वेळा फांदीच तोडतो. एकदा फुटलेली ढोली पुढच्या वर्षी कोणाच्याच कामाची राहत नाही, ना पोपटाच्या, ना पिंगळ्याच्या. टोपलीत कोंबलेली कितीतरी पिल्लं गिऱ्हाईक येण्याआधीच मरतात. तुम्ही एक पिल्लू विकत घेतलं की पुढच्या हंगामात तो माणूस पुन्हा त्याच शिवारात येतो.

मग पाळता काय येतं?

बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे रंगीत, छोटे पक्षी मिळतात, ते बहुतेक बजरीगर असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडे मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत. तुरेवाला कॉकाटील, काही फिंच हेही परदेशी पाळीव पक्षी आहेत. यांच्यावर वरचा नियम लागत नाही.

मात्र आफ्रिकन ग्रे, मकाऊ, काकाकुवा असे मोठे, महागडे परदेशी पोपट घेतले तर त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. यासाठी २०२४ मध्ये वेगळे नियम आले आहेत. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय असा पक्षी घेऊ नका.

घरात आधीपासून देशी पोपट असेल तर?

घाबरून एकदम पिंजऱ्याचं दार उघडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेल्या पोपटाला लांब उडता येत नाही, खायचं शोधता येत नाही, मांजराला तो घाबरत नाही. बाहेर सोडला की एक-दोन दिवसांत कावळे, मांजर, कुत्रं यांच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनपाल, वनरक्षकाला भेटा आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. कोणी तक्रार करण्याआधी आपण होऊन गेलेलं केव्हाही बरं.

बजरीगर पाळताय? मग एवढं सांभाळा

पक्षी बोलून दाखवत नाही. आजार लपवणं हा त्याचा स्वभावच आहे, कारण रानात आजारी दिसणारं पाखरू पहिलं मारलं जातं. त्यामुळे आपल्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. रोज दोन मिनिटं नीट बघायची सवय ठेवा.

पिंजरा: उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पाखरू आडवं उडतं, लिफ्टसारखं वर-खाली नाही. एका जोडीला किमान दोन फूट लांब पिंजरा हवा. बसायला प्लास्टिकच्या दांडीऐवजी कडुनिंबाची किंवा पेरूची कमी-जास्त जाडीची काडी लावा, पायांना बरं असतं. पिल्लं नको असतील तर पिंजऱ्यात मडकं टांगू नका. मडकं दिसलं की अंडी घालणं सुरू होतं आणि मादी झिजते.

खाणं: राळा, बाजरी आणि थोडी कोथिंबीर, पालक, मेथी. भाजी आधी चांगली धुवा, कारण फवारणीचा अंश एवढ्याशा जिवाला पुरतो. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा. चहा-बिस्किट, पापड, शेव, चॉकलेट आणि अव्होकॅडो अजिबात नको. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला.

हवा: चुलीचा धूर, अगरबत्ती, डासांची कॉइल यांच्याजवळ पिंजरा ठेवू नका. नॉनस्टिकचा तवा रिकामा गॅसवर राहून जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू पाखरांना काही मिनिटांत मारू शकतो. थंडीत निफाडकडे पारा ५-६ अंशांवर उतरतो. अशा वेळी रात्री पिंजरा घरात घ्या आणि तीन बाजूंनी जाड कापड टाका.

आजाराची खूण: पिसं फुगवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं, शेपटी वर-खाली हलवत श्वास घेणं, विष्ठा पातळ होणं. यातलं काही दिसलं की पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घरगुती काढे पाजत बसू नका.

स्वच्छता: वाळलेली विष्ठा झाडू नका, ती धूळ नाकात जाते आणि त्यातून माणसालाही आजार होऊ शकतो. पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून साफ करा आणि हात साबणाने धुवा. घरी कोंबड्या असतील तर पिंजरा त्यांच्यापासून लांब ठेवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. परिसरात कोंबड्या किंवा रानपक्षी एकदम मरायला लागले तर मेलेलं पाखरू हातात घेऊ नका, लगेच पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ क्रमांकावर कळवा.

घरट्यातून पिल्लू पडलं तर?

मार्च ते ऑगस्टमध्ये हा प्रश्न घरोघरी येतो. आधी पिल्लू नीट बघा.

अंगावर पिसं आहेत, टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. मांजर, कुत्र्याला लांब ठेवा, पिल्लू रस्त्यात असेल तर बाजूच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. आपण तिथं उभे राहिलो तर आई खाली येत नाही.

अंगावर पिसंच नाहीत, नुसतं लाल मांस दिसतंय? मग घरटं शोधा आणि पिल्लू अलगद परत ठेवा. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण ते खरं नाही. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत वाळलेलं गवत घालून त्याच झाडाला बांधा.

जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत ठेवा. दूध पाजू नका, चोचीत पाणी ओतू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं की पिल्लू तिथंच जातं. सेल्फी, रील नंतर. १९२६ ला फोन करा. रानपक्षी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत वनविभाग किंवा पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवा.

अंगणात कोण कोण येतं?

पाळायची हौस असणाऱ्यांनी एक काम करून बघावं. आठवडाभर सकाळी सात वाजता ओट्यावर चहा घेताना फक्त मोजायचं, किती जातीची पाखरं दिसली. साधं घर, एक जांभूळ, एक जास्वंद आणि शेजारी गोठा असला तरी डझनभर जाती सहज भेटतात. चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल, दयाळ, कोतवाल, जास्वंदीवर शिंजीर, तारेवर वेडा राघू, बांधावर टिटवी, कुंपणात भारद्वाज. वड-उंबर असेल तर हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. ते विणतो नर. मादी येऊन खोपा बघते, पसंत पडला तरच संसार सुरू होतो.

ही पाखरं नुसती शोभेची नाहीत. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना भरवते ती अळ्या आणि किडे. कोतवाल, वेडा राघू दिवसभर उडते किडे टिपतात. जुन्या वाड्यात, गोदामात राहणारं पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. त्याला अपशकुनी म्हणून हाकलणारा शेतकरी स्वतःच्याच कणगीचं नुकसान करतो.

द्राक्षबागायतदार विचारतील, आमचे मणी खातात त्याचं काय? तक्रार खरी आहे. मण्यांत गोडी भरली की पोपट, बुलबुल येतातच. बागेवर जाळी लावायची तर ती ताणून लावा, ढिली सोडू नका, ढिल्या जाळीत पाय अडकून पाखरं मरतात. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा, अडकलेलं पाखरू कात्रीने जाळी कापून मोकळं करा. चमकणारी फीत आणि जागल हेही उपाय आहेत. विषारी दाणे टाकणं गुन्हाही आहे आणि घरच्या कोंबड्यांना, जनावरांनाही धोका आहे.

चिमणीचा विषय आपल्या जिल्ह्यातूनच जगात गेला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केलं आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला. कौलारू घराच्या वळचणीला, भिंतीतल्या भोकात चिमणी राहायची. स्लॅबच्या घरात तिला जागाच उरली नाही. साध्या लाकडी खोक्याला सव्वा इंचाचं गोल भोक पाडा आणि ते आठ-दहा फुटांवर, सावलीत, मांजर पोहोचणार नाही असं टांगा. पंख्याजवळ टांगू नका. पहिल्या वर्षी चिमणी आली नाही तर काढून टाकू नका, वाट बघा.

पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं घ्या. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, मध्ये एक दगड ठेवा म्हणजे छोटं पाखरू बुडत नाही. पाणी रोज बदला, आठवड्यातून दोनदा भांडं घासा. घाण पाण्यातून आजार पसरतो, डासही होतात.

संक्रांतीला येवल्यात आकाश पतंगांनी भरतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो चोरून विकला जातो. याच दिवसांत गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला हजारो पाहुणे पक्षी उतरलेले असतात. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. सुती दोरा वापरा. आणि सण झाल्यावर झाडांवर, तारांच्या आसपास अडकलेला मांजा दिसला तर आवाक्यातला काढून टाका. तो महिनोन्‌महिने पाखरं कापत राहतो. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका, वायरमनला सांगा.

मोबाईल हातात आहेच. मर्लिन नावाचं मोफत अ‍ॅप पक्ष्याचा आवाज ऐकून किंवा फोटो बघून त्याचं नाव सुचवतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांचा वाढदिवस ५ ला, सालिम अली यांचा १२ ला. शाळेतल्या पोरांना त्या आठवड्यात गावची पक्ष्यांची यादी करायला सांगा. शंभर रुपयांचं पिल्लू आणण्यापेक्षा ही हौस स्वस्त पडते.

मोबाईलमध्ये हे दोन क्रमांक साठवून ठेवा:
वनविभाग, जखमी किंवा पकडलेले रानपक्षी, पिल्लांची विक्री: १९२६
पशुसंवर्धन विभाग, पाळीव पक्षी-जनावरांचे आजार: १९६२

बाजारात पोपटाची पिल्लं विकताना कोणी दिसलं तर भांडत बसू नका. जागा आणि वेळ सांगून १९२६ ला कळवा. दया येऊन विकतही घेऊ नका. विकत घेतलेल्या प्रत्येक पिल्लामागे आणखी एक ढोली फुटते.