आहारातील स्निग्धांश आणि विदर्भाचे जवस

नागपूर शहरातील महाल हा भाग भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वाढला. या जुन्या नागपुरात कोष्टी समाजाच्या घरांतून जो सावजी स्वयंपाक प्रसिद्धीस आला, त्यात जवसाच्या तेलास मानाचे स्थान होते. आज बहुतेक घरांत सोयाबीन व इतर शुद्ध केलेल्या तेलांनी त्याची जागा घेतली आहे आणि विदर्भातील जवसाचे क्षेत्रही पुष्कळ घटले आहे. एका तेलाऐवजी दुसरे आले, तर त्यात बिघडले काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर असे की, सर्व तेले शक्ती सारखीच देतात. परंतु शरीरातील त्यांचे कार्य सारखे नसते.

स्निग्धांशाचे कार्य

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून सुमारे ४ मिळतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या साहाय्यानेच शरीरात शोषली जातात. पालेभाजीस तेलाची फोडणी देण्याची रीत म्हणूनच केवळ चवीपुरती नाही. पेशींची आवरणे व मेंदूची जडणघडण यांसही स्निग्धांश लागतो. त्यामुळे वाढत्या बालकाच्या ताटातून तो वगळणे हिताचे नाही.

तीन प्रकार

तूप, खोबरेल व पाम तेल यांत संपृक्त स्निग्धाम्ले बरीच असतात. त्यांचे सेवन अति झाल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. भुईमूग व तीळ यांच्या तेलांत एक-असंपृक्त स्निग्धाम्ल भरपूर असते. तिसरा प्रकार बहु-असंपृक्त स्निग्धाम्लांचा. त्यांपैकी लिनोलिक व अल्फा-लिनोलेनिक ही दोन शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली दाखवून दिले की, स्निग्धांशविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटते व त्वचा खवल्यांसारखी होते. अशा स्निग्धाम्लांचे महत्त्व तेथून कळू लागले.

द्रव तेलात हायड्रोजन मिसळून वनस्पती तूप करताना ट्रान्स स्निग्धाम्ले निर्माण होऊ शकतात. ती हृदयास अपायकारक असल्याने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व वनस्पतीत त्यांची मर्यादा २ टक्के ठरविण्यात आली आहे.

जवसाचे वैशिष्ट्य

लिनोलिक आम्ल करडई, सूर्यफूल व सोयाबीन यांतून सहज मिळते. अल्फा-लिनोलेनिक आम्ल मात्र भुईमूग, करडई व सूर्यफूल यांच्या तेलांत जवळजवळ नसते आणि सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के असते. जवसाच्या तेलात त्याचे प्रमाण निम्मे किंवा त्याहूनही अधिक भरते. माशांतील लांब साखळीची स्निग्धाम्ले शरीर यापासून अल्प प्रमाणातच तयार करते. म्हणून मासे खाणाऱ्यांनी ते सोडू नयेत. परंतु शाकाहारी कुटुंबास जवसासारखा स्वस्त आधार दुसरा नाही.

वापरताना घ्यावयाची काळजी

जवसाचे तेल हवेशी संयोग पावून लवकर खराब होते. याच गुणामुळे ते रंगकामात चालते. म्हणून घाणीवरून थोडेथोडे ताजे तेल आणावे व काळोख्या, थंड जागी घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे. तळणासाठी ते वापरू नये. रंगाच्या दुकानातील जवसाचे तेल तर कदापि खाऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात.

रोजच्या उपयोगास चटणी सर्वांत सोयीची. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते कुटावेत. कच्च्या जवसात काही विषारी द्रव्यांश असतो; भाजल्याने तो कमी होतो. यासाठी दाणे मंद आचेवर भाजून, आठवड्यापुरतेच कुटून ठेवावेत.

चार गुंठे घरासाठी

दररोज माणशी १० ग्रॅम जवसाची पूड पोटात गेली, तर प्रौढाची अल्फा-लिनोलेनिक आम्लाची गरज सामान्यतः भागते. पाच माणसांच्या कुटुंबास याप्रमाणे वर्षाला सुमारे १८ किलो जवस लागेल. कोरडवाहू जमिनीत एकरी २ क्विंटल उत्पादन धरले, तरी चार गुंठ्यांत २० किलो जवस निघते. हे पीक रब्बीत जमिनीतील उरलेल्या ओलीवर येते आणि हरभऱ्यात आंतरपीक म्हणूनही घेता येते. एन. एल. ९७ व पीकेव्ही एन. एल. २६० हे वाण नागपूर येथील संशोधनातूनच निघाले आहेत.

बाजारभाव कमी म्हणून शेतकरी बंधूंनी जवसाचा विस्तार केला नाही, तरी समजण्यासारखे आहे. पण घरापुरते चार गुंठे राखले, तर विकत मिळणाऱ्या तेलाच्या डब्यातील उणीव आपल्याच शेतातून भरून निघेल. भाकरीवरची चमचाभर जवसाची चटणी मुलाबाळांच्या ताटात पुन्हा यावी, यासाठी या हंगामात एवढी पेरणी अवश्य करावी.