विश्लेषण : सेप्टिक टाकीतला गाळ जातो कुठे? वाई शहराने कोणता मार्ग काढला?

सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाई शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ हजार. येथील बहुतांश शौचालये भुयारी गटारांना नव्हे, तर सेप्टिक टाक्यांना जोडलेली आहेत. राज्यातील अनेक लहान शहरांत हेच चित्र आहे. मग टाकीत साचलेल्या गाळाचे करायचे काय?

टाकी वेळेवर का उपसायची?

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो आणि वरचे पाणी बाहेर पडते. गाळ वाढत गेला, की मैला पाण्याबरोबर गटारात, तेथून नाल्यात आणि नदीत जातो. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात टाकी तुंबल्यावरच गाडी बोलावली जाते. तोवर गाळ इतका घट्ट होतो, की पंपाने ओढला जात नाही आणि माणूस आत उतरवला जातो. विषारी वायूमुळे बळी जातात ते इथेच. सुरक्षा साधनांशिवाय कामगाराला टाकीत उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे.

वाईने काय बदलले?

‘तक्रार आली की गाडी’ ही पद्धत सोडून नगर परिषदेने २०१८ मध्ये वेळापत्रक आखले. प्रभागनिहाय प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची. काम खासगी ठेकेदाराकडे असून मोबदला कामाशी जोडलेला आहे. घरमालकाला दर खेपेचे पैसे द्यावे लागत नाहीत. खर्चासाठी स्वच्छता कराचा आधार घेण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हीच वाट धरली.

गाळाचे पुढे काय होते?

गाडी रिकामी होते ती प्रक्रिया केंद्रात. वाईतील केंद्राची क्षमता रोज ७० हजार लिटरची आहे. तेथे गाळ आणि पाणी वेगळे करून गाळ वाळवला जातो, मग उष्णतेच्या प्रक्रियेने त्यातील रोगजंतू नष्ट केले जातात.

प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. फरशीखाली बुजलेली झाकणे आणि गाडी न शिरणाऱ्या गल्ल्या ही जुन्या गावांची अडचण असते. शिवाय टाकीतून रोज बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसतेच. त्यावर वेगळी प्रक्रिया लागते. मात्र गाळाचा मोठा भार नदीत जाण्याआधीच अडवता येतो आणि त्यासाठी माणसाला टाकीत उतरावे लागत नाही.