रिकामी टाकी रिकामी नसते

आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले. येझदीचा म्हैसूरचा जुना कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. तरीही या गाड्यांवर जीव टाकणारे कमी नाहीत. सुटे भाग शोधायचे, टाकीला नवा रंग द्यायचा, हँडल बदलायचे आणि हे सारे रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने करायचे, यात वेगळाच आनंद असतो. हौस चांगलीच आहे. मात्र या कामातले गंभीर अपघात पाना निसटल्याने क्वचितच होतात. ते होतात तीन समजुतींमुळे : टाकी रिकामी आहे, चेन तर हळू फिरते आहे आणि धुराचा वास येत नाही.

पहिली समजूत टाकीची. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि शून्याखाली 40 अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल, तर एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत द्रवावर वाफ इतकी दाट असते, की आत जळायला हवाच कमी पडते. रिकाम्या टाकीत मात्र तळाशी उरलेले थेंब आणि भरपूर हवा यांचे नेमके धोकादायक मिश्रण तयार होते. म्हणून गंजलेल्या टाकीचे भोक बुजवायला घरी वेल्डिंग करणे म्हणजे हाताने स्फोट घडवण्यासारखे आहे. टाकी पाण्याने विसळली तरी सांध्यांत आणि गंजात पेट्रोल उरते. ते काम टाकी नीट निर्धोक करून घेणाऱ्या कारागिराचेच.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. कार्बुरेटर पेट्रोलने धुताना ताटली इथे असते आणि पेट घेते ती चार-पाच फुटांवरच्या ग्राइंडरच्या ठिणगीने, डासांच्या कॉइलने किंवा शेजारच्या पेटत्या गीझरने. हे काम उघड्यावरच करावे. पेट्रोलने भिजलेले कपडे लगेच बदलावेत.

नळीने पेट्रोल तोंडात ओढण्याची सवय तर सोडायलाच हवी. पेट्रोल इतके पातळ असते, की ठसका लागताच काही थेंब श्वासनलिकेत उतरून फुप्फुसात पसरतात आणि तिथे दाह होतो. खोकला, धाप, ताप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. कुणी पेट्रोल गिळले तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर तेच पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. थेट रुग्णालयात न्यावे.

दुसरी समजूत चेनची. गाडी डबल स्टँडवर लावायची, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडके धरायचे, ही पद्धत अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. चेन फिरते आपोआप, हाताला कष्ट नाहीत. पण मंद चालणाऱ्या इंजिनावरही चेन सेकंदाला साधारण फूटभर पुढे सरकते. काहीतरी अडकले हे मेंदूला कळून हात मागे यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात दोन इंच चेन चक्रीच्या दातांवर चढलेली असते, म्हणजे बोटाची दोन पेरे. फडक्याचा सुटा धागा आधी अडकतो आणि तो बोटाला ओढून नेतो. इंजिन बंद ठेवून चाक हाताने जोरात फिरवले तरी जड चाकाचा वेग बोट सोडत नाही. नियम साधा आहे : इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली खिशात. चाक थोडे फिरवायचे, थांबवायचे, मगच पुसायचे. अंगठी आणि कडे आधी काढून ठेवावे.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात आणि ते जोडण्याची संधी जाते.

तिसरी समजूत धुराची. जुने इंजिन, त्यात चोक ओढलेला, म्हणजे पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा; तो कमी झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे नव्हे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही पहिली लक्षणे लोक पित्तावर ढकलतात. कोविडकाळात घेतलेला साधा ऑक्सिमीटरही इथे फसवतो : त्याला या वायूने भरलेले रक्त ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि तो 98 दाखवत राहतो. शटर अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. ट्यूनिंग मोकळ्या जागेतच करावे. त्रास झालेल्याला बाहेर आणून 108 ला फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

उरलेल्या इजा लहान, पण नेहमीच्या. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद नको. बॅटरीचे आम्ल डोळ्यात उडाले तर लगेच, निदान वीस मिनिटे डोळा पाण्याने धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गंजलेल्या पत्र्याने कापले तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आणि एक गोष्ट हत्यारांच्या यादीत नसते, ती असावी : हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर दुसरे माणूस. हात चेनमध्ये अडकला किंवा घेरी आली, तर फोन खिशातून काढायचा कुणी, हा प्रश्न पाना हातात घेण्याआधीच सोडवलेला बरा.